गावातले सगळे आबा

आमच्या गावातलं जत्रेचं नाटक केबल टीव्हीनं बुडवलं, असं सगळे म्हणतात. मीही इतकी वर्षं तेच म्हणत आलो. गेल्या थंडीत अप्पा गेले तेव्हा शाळेच्या पटांगणात शोकसभा झाली. तिथं तर मी माईक हातात धरून म्हणालो, "घराघरात केबल आली आणि अप्पांचं नाटक पोरकं झालं." लोकांनी माना हलवल्या. कुणी खांद्यावर हात ठेवला. मी चहा घेतला आणि अंबाजोगाईच्या गाडीत बसलो. धारूरचा घाट चढेपर्यंत मला त्या वाक्याची इतकी शिसारी आली की कंडक्टरनं तिकिटाचं विचारलं तर मी नुसती नोट पुढं केली.

नाटक केबलनं बुडवलं नाही. कसं बुडालं ते आज लिहितो.

तेलगावपासून थोडं आत आमचं गाव. बाजाराच्या तोंडाशीच अप्पांचं भांड्यांचं दुकान होतं. घर लिंगायत वाण्याचं, कपाळावर सकाळी लावलेली विभूती संध्याकाळपर्यंत टिकलेली. त्यांचं कागदावरचं नाव मला शोकसभेच्या फलकावर पहिल्यांदा कळलं. गावात अप्पा आणखीही होते, म्हणून हे भांडेवाले अप्पा.

आमच्याकडं माणसाला दोन अक्षरांत उरकायची पद्धत आहे. बारशाचं नाव शाळेच्या दाखल्यापुरतं. मिसरूड फुटली की माणूस आबा होतो, नाना होतो, बापू, तात्या, अण्णा होतो आणि मरेपर्यंत तोच राहतो. याचा सगळ्यात जास्त ताप अप्पांना. भांड्यावर नाव टाकायचं मशीन त्यांच्याकडं होतं आणि लग्नाच्या पंगतीला घराघरातली पातेली एकत्र आली की निम्म्यांवर 'आबा' नाहीतर 'नाना'. मग वाटणीवरून बायकांची भांडणं. त्यावर अप्पांनी नावाखाली खूण टाकायची काढली. एका आबाला चांदणी, एकाला आंबा, एकाला बैलाचं शिंग. शिंगवाले आबा महिनाभर रुसले होते. "मला शिंगं दिसतेत का तुमाला?" म्हणून विचारायला आले, तर अप्पा शांतपणे म्हणाले, "तुमच्या बैलाला हायेत की. गावात तशी जोडी न्हाई." ते खूश होऊन परातीवरही शिंग टाकून घेऊन गेले.

अप्पा नाव टाकता टाकता नाटकातले संवाद पुटपुटायचे. मशीन घर्रघर्र करायचं आणि त्याखाली कुणीतरी कुणालातरी जाब विचारत असायचं. एकदा लग्नाच्या हंड्यावर नवरीच्या नावाऐवजी 'तू कोण मला विचारणारी' असं कोरलं गेलं. नवरीचा बाप हंडा बघून नुसता उभा राहिला. अप्पांनी त्याला दुसरा दिला आणि हा हंडा दुकानात पाण्याला ठेवला. गिऱ्हाईक पाणी प्यायला वाकलं की ते वाचायचं आणि अप्पांकडं बघायचं. अप्पा म्हणायचे, "तुमाला न्हाई म्हणलं. प्या."

महादेवाच्या जत्रेला ते दरवर्षी नवं नाटक लिहायचे आणि ते भर दिवसा करायचे. उन्हं जरा कलली की शाळेच्या पटांगणात ताडपत्रीखाली पडदा वर. आसपासच्या गावांतले लोक हसायचे, नाटक कुठं दिवसा असतंय का? अप्पांचं म्हणणं एकच, "अंधारात माणूस दुसऱ्याला बघून हसत न्हाई. शेजारचा रडताना दिसला पायजे."

नाटकात एक चांगला माणूस असायचा आणि एक वाईट. चांगल्याचं नाव ते गावात कुणाचंच नसलेलं, लांबलचक ठेवायचे. "म्हंजी कुणी फुगत न्हाई." वाईटाचं नाव मात्र गावात ढीगभर असलेलं. आबा, बापू, नाना. "ज्या नावाचे लई लोक, ते नाव कुणा एकाचं न्हाई," असा त्यांचा हिशेब. तो पहिल्याच खेपेला चुकला. त्या वर्षी सावकार होता नाना. दुसऱ्या दिवशी गावातल्या एका नानांनी दुकानासमोर आडवी बाज टाकली आणि तिच्यावर पडून राहिले. गिऱ्हाइकाला बाज ओलांडून आत जावं लागे. अप्पांनी त्यांना बाजेवरच जेवायला दिलं आणि विचारलं, "नाना, माझं चुकलं कुठं?"

"नाव घेतलं त्याचं काय न्हाई. इचारलं असतं तर मीच म्हणलो असतो, घ्या. न इचारता घेतलं, म्हंजी मलाच बोललात."

अप्पांना ते पटलं. तिथून पुढं रिवाज पडला. नाटक लिहून झालं की अप्पा डोक्यावर टोपी, खांद्यावर उपरणं टाकून त्या वर्षीच्या नावाच्या प्रत्येक माणसाच्या घरी जायचे. ओट्यावर बसायचे. चहा आला तर बाजूला ठेवायचे. आधी विचारणं, मग चहा. "आबा, औंदा तुमच्या नावाचा एक माणूस वाईट वागणार हाय. चालंल का?" मग पूर्ण गोष्ट सांगायची आणि उत्तर घ्यायचं. एकानं जरी नाही म्हटलं तर नाव बदलायचं आणि दुसऱ्या नावाच्या सगळ्यांकडं पुन्हा पहिल्यापासून फिरायचं.

ह्या विचारण्यात आम्हाला नाटकापेक्षा जास्त मजा यायची. लोक घासाघीस करायचे. एक बापू म्हणाले, "वाईट म्हंजी किती वाईट?" अप्पा म्हणाले, "दारू पितो, बांध कोरतो." बापू विचारात पडले. "बांध कोरू द्या. दारू नका देऊ, माळकरी हाय मी." त्या वर्षीचा खलनायक ताक पिऊन लोकांचे बांध कोरत होता. एका तात्यांना विचारलं तर आतून त्यांची बायको म्हणाली, "त्यांना काय इचारता, हायेतच तसे." एक दादा होते, राजकारणातले. त्यांनी माणसाकरवी निरोप धाडला की आमचं नाव हिरोला द्या. अप्पांनी उलट निरोप दिला, "हिरोला कोण न्हाई म्हणतंय? त्याला इचारण्यात काय मजा हाय?"

आणि घरोघरची उत्तरं अप्पा जपायचे. संध्याकाळी दुकानात बसून प्रत्येकाची नक्कल न करता, त्याच्याच शब्दांत सांगायचे. कोण लाजलं, कोण आधी चिडलं, कुणी डोळे पुसले. गावात ज्यांना कुणी काही विचारत नव्हतं अशा म्हाताऱ्यांकडंही ते जायचे. आपल्या नावाची पाळी कधी येते याची माणसं वाट बघायची. अप्पांच्या शब्दावर गावाचा जो भरवसा होता तो ह्याच्यावर उभा होता, आणि नाटकही.

शेवटचं नाटक झालं त्या वर्षी पाळी आबांची होती. मी बी.ए. होऊन घरी बसलो होतो, अप्पांच्या दुकानात हाताखाली असायचो आणि खलनायकाचं काम मला मिळालं होतं. गोष्ट अशी: धाकटा भाऊ मरतो, थोरला आबा त्याच्या विधवेचा अंगठा घेऊन तिची जमीन आपल्या नावावर करतो. असं कुठल्या गावात होत नाही? पण आमच्या गावात ओढ्यापलीकडं मळ्यात एक आबा राहायचे. त्यांचा धाकटा भाऊ वारला होता, भावजय लेकरू घेऊन माहेरी गेली होती आणि तिच्या वाट्याची जमीन आबा कसत होते. लोक काहीबाही बोलायचे. तोंडावर कुणी नाही.

अप्पांचा गुडघा त्या वर्षी सुजला होता. गावातल्या आबांकडं ते लंगडत जाऊन आले. मळ्याची वाट त्यांना झेपेना. मला जवळ बसवून म्हणाले, "तूच आबा होणार हायेस, तूच जा. बाकीच्यांचं झालं, पण ह्या आबाला सगळी गोष्ट नीट सांग. काही लपवू नको. त्यो न्हाई म्हणला तर नाव बदलू. गोष्ट बी बदलू. मी बसतो पुन्हा लिहायला."

मी निघालो. स्टँडजवळच्या हॉटेलवर त्या दिवशी गावातली पहिली डिश बसत होती. मॅच होती. गच्चीवर दोघं ती छत्री फिरवत होते, खाली गर्दी "आलं, गेलं" ओरडत होती. मी घटकाभर थांबलो. चित्र लागलं. मग मॅच संपेपर्यंत थांबलो. दिवस मावळायला आला होता. मळ्यात जाऊन त्या माणसाच्या तोंडावर ती गोष्ट सांगायची, याची मला सकाळपासून भीती होती हेही खरं. डिश नसती तर मी दुसरं काही शोधलं असतं.

दुकानात आलो. अप्पांनी विचारलं, "भेटला?"

"भेटले."

"काय म्हणला?"

इथं मी नुसतं 'हो म्हणाले' एवढ्यावर थांबलो असतो तरी पाप जरा कमी झालं असतं. पण अप्पा तोंडाकडं बघत होते. त्यांना उत्तर हवं होतं, त्या माणसाच्या शब्दांत. मी म्हणालो, "आधी गप्प बसले. मग म्हणाले, करा. माझ्या मनात पाप न्हाई, मग नावाला भ्यायचं कावून?"

अप्पांचे डोळे भरून आले. त्यांनी मशीन बंद केलं. दुकानात आलेल्या प्रत्येकाला पुढचे दिवस ते माझं वाक्य ऐकवत राहिले. "मळ्यातला आबा बघा. सगळ्यात अवघड त्यालाच, अन् सगळ्यात मोठं मन त्याचंच." मी भांडी पुसत ऐकायचो. ते वाक्य चांगलं जमलं होतं असंही मला एकदा वाटून गेलं. हेही लिहायला पाहिजे.

जत्रेच्या दिवशी मळ्यातले आबा नाटकाला आले. जत्रेसाठी भावजयीचा भाऊ त्यांच्याकडं आला होता, तोही बरोबर. अप्पा लंगडत पुढं गेले, आबांचा हात धरून त्यांना पहिल्या रांगेत खुर्चीवर बसवलं आणि म्हणाले, "आबा, तुमच्यासारखं मन पायजे." आबांना काही कळलं नाही. त्यांनी हात जोडले. मला ते पडद्याच्या फटीतून दिसत होतं. त्या वेळी बाहेर येऊन अप्पांना बाजूला घ्यायला वेळ होता. मी तोंडाला रंग लावून घेतला.

अंगठ्याचा प्रवेश आला. मी नाटकातल्या भावजयीचा हात धरून कागदावर दाबला आणि समोर बघितलं. स्वच्छ उजेड होता. लोक माझ्याकडं बघत नव्हते. सगळी तोंडं पहिल्या रांगेकडं वळली होती. बहुतेकांच्या नजरेत कौतुकच होतं, अप्पांनी सांगितलेल्या मोठ्या मनाचं. पण ज्याला त्यातलं काही ठाऊक नाही त्याला त्या नजरा कशा दिसल्या असतील? शेजारी बसलेला भावजयीचा भाऊही त्यांच्याकडं बघत होता. आबा उठले नाहीत. गुडघ्यांवर हात ठेवून शेवटपर्यंत बसून राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते दुकानात आले. मी आतल्या बाजूला ताटं लावत होतो. अप्पा बसा म्हणाले, ते बसले नाहीत.

"अप्पा, मला खुर्चीवर कावून बसवलंत? लोकाला नीट दिसावं म्हणून?"

"आबा, काय बोलताय?"

"गावातल्या सगळ्या आबांना इचारलं. मलाच न्हाई. म्हंजी नाटक माझ्यावरच हुतं ना?"

अप्पांनी मान वळवून माझ्याकडं बघितलं. माझ्या हातात ताटांची चळत होती. ती खाली ठेवावी, असं मला वाटलं आणि मी ती धरून उभा राहिलो. अप्पा पुन्हा आबांकडं वळले.

"माझंच चुकलं, आबा. इचारायचं राहून गेलं. पाय सुजला हुता."

"राहून न्हाई गेलं," आबा म्हणाले. "गावात सांगत फिरलात तुमी, मी असं म्हणलो अन् तसं म्हणलो. मला रात्री कळलं. मी कवा म्हणलो?"

आबा पायरी उतरून गेले.

मी ताटं ठेवली. अप्पांनी मशीन सुरू केलं, एक तांब्या पुढं ओढला आणि मान वर न करता म्हणाले, "तुम्ही आता घरी गेलात तरी चालंल."

लहानपणापासून मला ते 'बे' म्हणायचे, 'अरे गाढवा' म्हणायचे. त्या दिवसापासून मेले तोपर्यंत मला अहो-जाहो केलं. दिवाळीला भेटायला गेलो की "या, बसा, प्रकृती कशी आहे?" शिव्या दिल्या असत्या तर मी रडून मोकळा झालो असतो. त्यांनी ती सोय ठेवली नाही.

गावानं आपला निष्कर्ष काढला. वाक्य अप्पांनीच रचलं. नाटक लिहिणारा माणूस, त्याला एक वाक्य रचणं काय अवघड? पुढच्या वर्षी बापूंची पाळी होती. अप्पा टोपी-उपरणं घालून पहिल्या बापूंकडं गेले. मी लांबून बघत होतो. बापूंनी त्यांना पाणी दिलं आणि अगदी अदबीनं म्हणाले, "अप्पा, तुमी इचारलं काय अन् न इचारलं काय. तुमाला पायजे तेच आमच्या तोंडात घालणार." अप्पा उठले, घरी आले. ते पुन्हा कुणाच्या ओट्यावर बसले नाहीत. त्याच उन्हाळ्यात गल्लीगल्लीतून केबलची काळी वायर गेली. जत्रेला लोकांनी पडद्यावर सिनेमा आणला. अप्पांना कुणी विचारलं की नाटक का नाही, तर म्हणायचे, "आता कोण बघतंय? घरात टीव्ही हाय." त्यांनी स्वतःच ते कारण दिलं आणि मी ते उचललं.

मला अंबाजोगाईला नोकरी लागली. मळ्यातल्या आबांचं काय झालं ते कानावर येत राहिलं. भावजयीचा भाऊ त्या दिवशी न जेवता गेला होता. पुढं माहेरच्यांनी वाटणी मागितली, जमीन मोजली, विकली. पुतण्या दर सुट्टीला मळ्यात यायचा तो यायचा बंद झाला. त्याच वेळी हेही कळलं की आबा दरवर्षी त्या जमिनीची ज्वारी स्वतः पोत्यात भरून भावजयीच्या दारात नेऊन टाकत होते. ते कुणाला बोलले नव्हते, आणि कुणी विचारलंही नव्हतं.

शोकसभेनंतर आठवडाभर मला नीट झोप लागली नाही. रविवारी मोटारसायकल काढली आणि आयुष्यात पहिल्यांदा ओढा ओलांडून मळ्यात गेलो. आबा लिंबाखाली बाजेवर बसून दोरी वळत होते. खूप वाळले होते. मी नाव सांगितलं. ओळखलं त्यांनी.

"तूच झालतास ना आबा नाटकात?"

"हो."

"बस."

मी खाली बसलो आणि सगळं सांगितलं. डिश, मॅच, माझी भीती, अप्पांना सांगितलेलं खोटं. ते दोरी वळत राहिले. वाक्यापाशी आलो तेव्हा हात थांबले.

"काय म्हणलो म्हणून सांगितलंस मी?"

मी त्यांना ते वाक्य म्हणून दाखवलं.

"असं न्हाई म्हणलो असतो मी," आबा म्हणाले. "मी 'न्हाई' म्हणलो असतो. भावाच्या पोराचा मामा यायचा हुता जत्रंला. त्याच्या पुढं नको, एवढंच सांगितलं असतं. अप्पानं ऐकलं असतं का?"

"ऐकलं असतं. नाव बदलू, गोष्ट पण बदलू म्हणाले होते."

"तुला म्हणला हुता?"

"हो. पाठवतानाच."

आबांनी दोरी बाजेवर ठेवली. "मग सकाळी मी दुकानात आलो, तवा त्याला म्हाईत हुतं? तू आला नव्हतास म्हणून?"

"मी तिथंच उभा होतो. त्यांनी माझ्याकडं बघितलं."

"अन् सोताच्या अंगावर घेतलं."

मी मान हलवली. एक होला लिंबावरून उडून गेला. आबांनी तोंड ओढ्याकडं वळवलं.

"इतक्या वर्षांत त्याच्या दुकानाची पायरी न्हाई चढलो मी," ते म्हणाले. "घरात पातेलं लागलं तर तेलगावला जायचो. परवा माती झाली त्याची. सून म्हणली, जाऊन या. मी म्हणलो, त्या खोटारड्याच्या मातीला मी न्हाई येत."

मला वाटलं, आता ते मला शिवी देतील, काठी उचलतील. मी खाली मान घालून बसलो.

"हे त्यो हाय तवर सांगायला काय झालं हुतं तुला?"

नोकरी होती, घाट होता, जत्रेला यायला सवड नव्हती, असं काय काय मनात आलं, पण त्यातलं एकही त्यांच्यासमोर काढण्यासारखं नव्हतं.

आबा बाजेला धरून उठले. "कुठं ठेवलाय त्याला?"

"लिंगायतांच्या रुद्रभूमीत. गावामागं."

"गाडी आणलीस ना?"

"आणलीय."

ते आत जाऊन पटका बांधून आले. मागं बसले, पण माझ्या खांद्याला धरलं नाही. दोन्ही हातांनी मागचं कॅरिअर धरून बसले. ओढ्याच्या खड्ड्यात गाडी दणकली तेव्हासुद्धा नाही. रुद्रभूमीच्या फाटकाशी मी उतरून पुढं निघालो तर म्हणाले, "तू हितंच थांब."

मी थांबलो. नवी माती ओळखायला अवघड नव्हती. ते चपला काढून तिच्यापाशी गेले आणि गुडघ्यांवर हात ठेवून सावकाश खाली बसले. त्यांचं बोलणं बराच वेळ चाललं होतं. वारा माझ्या बाजूनं तिकडं वाहत होता, त्यामुळं शब्द काही कानावर येत नव्हते. मध्येच त्यांनी हात उचलून फाटकाकडं, माझ्याकडं दाखवलं आणि पुन्हा मातीकडं वळले.